कारध्याची अंबासिडर

"मोठी आरामशीर गाडी" म्हटलं की प्रत्येक पिढीच्या डोळ्यांपुढे वेगळीच गाडी उभी राहते. माझ्या भाच्याला विचाराल तर तो उंच चाकांची, आत टीव्हीएवढा पडदा असलेली कुठली तरी गाडी सांगेल. पण सत्तरच्या दशकात विदर्भात जन्मलेल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच... अंबासिडर. कंपनीच्या कागदावर ती अ‍ॅम्बेसेडर असेल, आमच्या कारध्यात अंबासिडरच.

कारधा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भंडारा शहरातून रायपूरच्या दिशेने निघालं की वैनगंगा लागते. तिच्या पलीकडच्या काठावरचं गाव म्हणजे कारधा. इथल्या टी-पॉइंटवरून एक रस्ता पवनीकडे जातो आणि महामार्ग लाखनी, साकोलीकडे सरळ पुढे. पावसाळ्यात आमच्या गावाचं नाव बातम्यांत येतं ते पुराच्या पातळीमुळे. नदीचं पाणी मोजायचं ठिकाण कारध्याला आहे आणि धोक्याची खूण २४५ मीटरवर. ब्रिटिशकालीन लहान पूल पाण्याखाली गेला की गावाला कळतं, यंदा पाऊस झाला म्हणून. अशा गावात एका भाताच्या गिरणीच्या आवारात एक अंबासिडर पन्नास वर्षं उभी आहे. गिरणी माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. या गाडीवर घरात इतकं बोललं गेलंय की तिचा इतिहास एकदा नीट मांडावा, असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात जरा लांबून करते. 'मोठी गाडी' म्हणजे नेमकी केवढी, हे आपल्याकडे एकदा ठरलं आणि नंतर पुन्हा ठरलं.

पहिल्यांदा ठरलं ते मुंबईत. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, तिथून शेवरोले बाहेर पडू लागल्या. पुढे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लीमथ अशा अमेरिकन गाड्या जुळू लागल्या. या खऱ्या अर्थाने मोठ्या गाड्या. जवळजवळ पाच मीटर लांब, सहा सिलिंडरचं इंजिन, पुढे-मागे सोफ्यासारखी सलग बाकडी. संस्थानिक, कापडगिरण्यांचे मालक, मोठे वकील अशांच्या दारात त्या दिसत. जुन्या हिंदी-मराठी सिनेमातला श्रीमंत बाप ज्या गाडीतून उतरतो, ती ही.

मग १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. नुसते परदेशी भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी करायची तर इथे करा, असं सरकारचं धोरण ठरलं. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचं काम आवरलं. बाजारात उरल्या मुख्यतः तीन गाड्या. कुर्ल्याची फियाट, मद्रासची स्टँडर्ड आणि बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची गाडी. हिंदुस्थान मोटर्स सुरू झाली १९४२ साली ओखा बंदरात आणि १९४८ साली कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. तिथून आधी लँडमास्टर आली, आणि १९५७ साली इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून केलेली अ‍ॅम्बेसेडर.

आता गंमत बघा. ही गाडी साधारण सव्वाचार मीटर लांब, इंजिन १४८९ सीसीचं. अमेरिकेत तिला कुणी मोठी म्हटलं नसतं. इंग्लंडमध्येही ती मध्यम कुटुंबाची गाडी. पण शेजारी १०८९ सीसीची फियाट उभी केली की अंबासिडर थोराड वाटायची. म्हणजे आपल्याकडची 'मोठी गाडी' मोठी झाली ती बाकीच्या मोठ्या गाड्या निघून गेल्यामुळे. मूळ मॉरिस ऑक्सफर्ड इंग्लंडने काही वर्षांतच बदलून टाकली. आपण तिला २०१४ पर्यंत चालवलं.

नवी गाडी दुकानात जाऊन आणायची हा प्रकार तेव्हा नव्हताच. १९५९ साली मोटारींच्या विक्री-वाटपावर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला. नंबर लावायचा, थांबायचं, आणि गाडी मिळाली की ठरावीक काळ ती परवानगीशिवाय विकायची नाही. सरकारी खात्यांचा वाटा वेगळा. फियाटची यादी तर इतकी लांब की वापरलेली गाडी नव्या गाडीच्या कागदावरच्या किमतीहून महाग जाई. हे आज तरुण मुलांना सांगितलं तर ती हसतात. पण अंबासिडरबद्दलच्या आदराचं निम्मं कारण इथे आहे. जी वस्तू मिळतच नाही, ती दारात उभी राहिली की नुसती उभी असली तरी पुरते!

मोठ्या बाबांनी आमची गाडी १९७४ साली घेतली. १९७२ ची मार्क टू, नागपूरच्या एका डॉक्टरांनी दोन वर्षं वापरलेली. वेळ बघा... अरबांच्या तेलबंदीनंतर पेट्रोल कडाडलेलं, लोक गाड्या काढून टाकायच्या विचारात, आणि आमचे मोठे बाबा घेऊन आले. घरातल्या बायकांनी म्हणे ओवाळलं आणि आबाजी एवढंच म्हणाले की बैलजोडीला रात्री पेट्रोल लागत नाही.

आता आरामाबद्दल. अंबासिडरच्या आरामाची जी तारीफ होते, ती खोटी नाही. छत उंच, त्यामुळे फेटा, टोपी, डोक्यावरचा पदर काहीही न काढता आत बसता येई. बाकडी सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणून पुढे तिघं आरामात. मागे चार मोठी माणसं आणि मांडीवर मुलं. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, आणि जमिनीपासून चांगली उंची. खड्ड्यांचा धक्का ती खाऊन टाकायची, मागे बसणाऱ्यापर्यंत फक्त झोका पोचायचा. पुढच्या दारांना ती छोटी तिरपी काच असायची. ती फिरवली की भंडाऱ्याच्या मे महिन्यातसुद्धा वारा बरोबर तोंडावर. गरम असायचा, पण वारा.

आणि डिक्की! तांदळाचं पोतं, लोखंडी ट्रंक, आंब्याची पेटी, वर सतरंजी. भंडारा रोड हे रेल्वे स्टेशन प्रत्यक्षात वरठीला, शहरापासून दहाएक किलोमीटर. गावातलं कुणीही मुंबईला, कलकत्त्याला निघालं की सामानासकट वरठीला पोचवायचं काम आमच्या गाडीकडे. नवरदेव तिच्यात बसले, नव्या नवऱ्या तिच्यातून उतरल्या. निवडणुकीत टपावर भोंगा चढला, एका वर्षी दोन वेगवेगळ्या पक्षांचा, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. मोठ्या बाबांचं धोरण सर्वसमावेशक होतं :)

पण हा सगळा आराम कुणाचा? हा प्रश्न मला पडला तो मोठ्या बाबांची वही हातात आल्यावर. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, व्यापाऱ्यांकडे असते तशी. त्यात 'गाडी खाते' म्हणून वेगळी पानं आहेत. पेट्रोलच्या नोंदी आहेतच, पण त्याहून जास्त नोंदी दुरुस्तीच्या. पाटा तुटला. रेडिएटरचा पाइप. कार्बोरेटर साफ. ग्रीस. पुन्हा ग्रीस. ब्रेकचे लायनर. सेल्फ बिघडला. डायनामो. पुन्हा ग्रीस. महिन्यातून दोन-तीनदा तरी काहीतरी आहेच. अंबासिडरबद्दलचा जुना विनोद तुम्हाला माहीत असेल, की तिच्यात हॉर्न सोडून सगळं वाजतं. ती वही वाचताना तो विनोद राहत नाही, हिशेब होतो.

मालकांचे अनुभव म्हणाल तर जगभर या गाडीच्या मालकांचे अनुभव असेच आहेत. आराम आणि कुरबुर एकाच पानावर. लंडनमध्ये भारतातून नेलेल्या अंबासिडर टॅक्सी चालल्या, 'टॉप गिअर' या ब्रिटिश कार्यक्रमाने २०१३ साली तिला जगातली सर्वोत्तम टॅक्सी ठरवलं. कौतुक होतं तिच्या दणकटपणाचं. पण दणकट म्हणजे न मोडणारी नव्हे. कुठेही मोडली तरी कुणालाही दुरुस्त करता येते, ती दणकट. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. आमच्या मिस्त्रींनी या गाडीचे किती तरी पितळी बुश तिथल्याच लेथवर कातून बसवले. उत्तरपाड्याहून सुटा भाग येईपर्यंत थांबलं असतं तर गाडी वर्षातले सहा महिने उभी राहिली असती.

याच वहीत एक गोष्ट मला टोचली. ड्रायव्हरभाऊंचा पगार कुठे लिहिलाय? घरखर्चात नाही, गिरणीच्या मजुरीतही नाही. 'गाडी खाते' मध्ये. एका ओळीत ग्रीस, पुढच्या ओळीत पगार, त्याखाली ट्यूब पंक्चर.

मोठ्या बाबांना गाडी चालवता येत नव्हती. हे घरातल्या नव्या पिढीला बहुतेक माहीतच नाही. मालक ते, पण पन्नास वर्षांतली पहिली वीस वर्षं ही गाडी चालवली ती ड्रायव्हरभाऊंनी. आधी ते हायवेवर ट्रकचे क्लीनर होते. त्यांच्या बाजूने त्या गाडीकडे बघा. स्टिअरिंगला कसलीही मदत नाही, सगळं खांद्याच्या जोरावर. चारही चाकांना ड्रम ब्रेक, भरलेली गाडी थांबवायची तर आधीपासून पाय रोवायचा. इंजिनाची धग पायांवर. उन्हाळ्यात लांबच्या वाटेवर पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं, आतल्यांना पाणी द्यायचं आणि वाट बघायची. हिवाळ्यात सकाळी चोक ओढून, नाहीतर पुढून हँडल मारून. हँडल उलटं फिरलं तर मनगट जातं. लग्नाला गेलं की मंडळी मांडवात आणि ड्रायव्हरभाऊ गाडीत. झोपायचे ते पुढच्या बाकड्यावर. मागच्या सीटवर बसलेलं त्यांना कुणी पाहिल्याचं कुणालाच आठवत नाही. मी सगळ्यांना विचारून झालंय.

एक रात्र घरात सगळ्यांना आठवते. १९७९ चा पावसाळा. धाकट्या काकूंचे दिवस भरलेले, कळा उलट्याच सुरू झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला न्या. साठ-पासष्ट किलोमीटर, पाऊस, रात्र, समोरून ट्रक. काकू मागच्या सीटवर आडव्या, डोकं आजीच्या मांडीवर. कुठल्याही लहान गाडीत हे जमलं नसतं, हे अगदी खरं. ड्रायव्हरभाऊंनी एकदाही करकचून ब्रेक लावला नाही म्हणे. मौद्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता, तिथे ते खाली उतरून पुढे चालत गेले, कंदिलाने खड्डे बघून आले आणि मग गाडी काढली. माझी चुलत बहीण मेडिकलमध्ये सुखरूप जन्मली. हे वाचत असेलच ती.

मागच्या दिवाळीत मी काकूंना विचारलं, अंबासिडर खरंच एवढी आरामाची होती का हो? काकू आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणाल्या, "गाडीत का आराम होता बाई, चालवनाऱ्याच्या हातात होता."

मी जे सगळं शोधत होते ते त्यांनी एका वाक्यात संपवलं.

ऐंशीच्या दशकात काळ बदलला. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती रस्त्यावर आली. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, आणि मालकाने स्वतः चालवावी अशी. मारुतीने आणखी एक गोष्ट केली, तिच्याबद्दल फार कुणी लिहीत नाही. गाडीतली मानाची जागा मागून पुढे आणली. अंबासिडरमध्ये मालक मागे बसायचा. मारुतीत मालक स्टिअरिंगवर आला. हिंदुस्थान मोटर्सनेही त्याच सुमाराला काँटेसा आणली. लांब, ऐसपैस, दिसायला अमेरिकन. पण पहिल्या काँटेसाला इंजिन तेच अंबासिडरचं १४८९ सीसीचं. म्हशीला बकरीचा जीव! नंतर इसुझूचं इंजिन आलं तेव्हा तिला दम आला. १९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना गेला, परदेशी कंपन्या आल्या, आणि सरकार व टॅक्सीवाले हेच अंबासिडरचे मोठे गिऱ्हाईक उरले. काँटेसा २००२ च्या सुमाराला थांबली. २४ मे २०१४ ला उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला. फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅम्बेसेडर हे नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजोने घेतलं आणि त्याच वर्षी १ मेपासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेही गेले. दिवा आणि गाडी, दोघांचा काळ मागेपुढे संपला.

आमच्या गाडीचं काय झालं? १९८६ साली मोठ्या बाबांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, मॅटॅडोरचं. तेव्हा असं अनेकांनी केलं. पेट्रोल परवडेना, गाडी विकवेना. आरसी बुकात रीतसर नोंद आहे. आवाज ट्रॅक्टरसारखा झाला, मागची मंडळी थरथरू लागली, आराम निम्मा गेला. पण गाडी टिकली. पुढची काही वर्षं ती रीतसर परवाना काढून वरठी स्टेशनावर भाड्याने चालली, आणि ड्रायव्हरभाऊंचं घर तिच्यावर चाललं. त्यांचा मुलगा याच गाडीवर शिकला आणि पुढे नागपूरला स्वतःची टॅक्सी चालवू लागला. नंतर ती पुन्हा घरच्या नावावर खाजगी झाली आणि हळूहळू नुसती उभी राहिली. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगेला महापूर आला, तेव्हा गिरणीच्या आवारात ती दारांपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर आत गाळ, आणि मागच्या सीटवर एक धामण!

आता घरात प्रश्न आहे, तिचं करायचं काय. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी दुप्पट. दुसरा रस्ता व्हिंटेजचा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हीए' अशी खास पाटी लावून नोंदवता येते. आमची १९७२ ची, वयात बसते. आमची पुण्या-अमेरिकेतली भावंडं खूश झाली. पण नियमात एक अट आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको.

म्हणजे मॅटॅडोरचं इंजिन आडवं आलं. मग टूम निघाली की कुठून तरी जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मिळवू, ते बसवू, पितळी बुश काढून कंपनीचे घालू, रंग मूळ करू. सगळे मिळून पैसे काढू. भावना मला कळते. पण मन मानत नाही.

कारण मूळ स्वरूपातली अंबासिडर कारध्यात दोन वर्षंसुद्धा टिकली नसती. ती टिकली ती मिस्त्रींच्या बुशांवर, बदललेल्या इंजिनावर आणि एका माणसाच्या खांद्यांवर. उत्तरपाड्याहून आलेली गाडी आणि कारध्याला चाललेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. आपण जिला 'आमची' म्हणतो ती दुसरी. ती पुसून पहिली पुन्हा उभी करायची आणि तिच्यापुढे फोटो काढायचे, तर आठवण कुणाची राहील? कंपनीची. कंपनीच्या आठवणीसाठी संग्रहालयं आहेत. कुणी म्हणेल, निदान पत्रा तरी वाचेल. खरं आहे. पत्रा वाचवायला माझी ना नाही. फक्त त्यासाठी तिच्या अंगावरचा पन्नास वर्षांचा हात पुसू नये.

माझं मत विचाराल तर साधं आहे. इंजिन तेच राहू दे. गाळ निघालाय, पाटे बरे आहेत, मिस्त्रींचा नातू म्हणतो महिनाभरात चालू करतो. व्हिंटेजची पाटी नाही मिळाली तर नाही. साधी फेरनोंदणी करू, तपासणीत पास झाली तर. नाही झाली तर ड्रायव्हरभाऊंच्या मुलाला आधी विचारू, त्याला हवी आहे का. भंगारवाल्याचा आणि हॉटेलच्या दारात शोभेला मागणाऱ्या त्या गृहस्थांचा नंबर त्यानंतर.

तोवर मी एक काम हाती घेतलंय. वहीतल्या 'गाडी खाते' ची सगळी पानं उतरवून काढतेय. ड्रायव्हरभाऊंचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही, त्यांच्या मुलाची परवानगी मिळाली की लिहीन. पुढच्या आठवड्यात त्याला भेटायला जाणार आहे, त्याच्याकडे वडिलांचा जुना बिल्ला आणि लायसन आहे म्हणे. नातेवाइकांपैकी कुणाकडे लग्नाच्या अल्बममध्ये गाडीचा फोटो असेल तर जरूर पाठवा. नवरा-नवरी कापून पाठवलीत तरी चालेल. स्टिअरिंगवर बसलेला माणूस दिसला पाहिजे.